बारा फुटी वाघांचा हंगाम

यंदाच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातही बारा फुटी वाघ निघालाच. गेली काही वर्षं मराठीत शिकारकथेला पुन्हा भाव आला आहे. कॉर्बेट-अँडरसनची नवी भाषांतरं, संस्थानी आठवणी, ‘थरारक सत्यकथा’ असा मथळा मिरवणारे लेख, सगळंच खपतं. मीही ते हौसेनं वाचतो. पण टेप कुणी धरली होती, ती कशी लावली होती, वजन केलं होतं का, असं विचारायला जावं तर लेखक मचाणावरून उतरायलाच तयार नसतो. आणि संपादक त्याला उतर म्हणत नाही. अनारशाच्या कृतीत गूळ किती, हे दोनदा तपासून घेणारी माणसं वाघाच्या बाबतीत इतकी उदार का होतात, कोण जाणे.

वाघ मोजायच्या दोन रीती आहेत हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. एक म्हणजे नाकापासून डोक्यावरून, मानेच्या खळग्यातून, पाठीच्या प्रत्येक उंचसखल भागावरून टेप फिरवत शेपटीच्या टोकापर्यंत न्यायची. दुसरी म्हणजे जनावर सरळ ताणून ठेवायचं, नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची, जनावर बाजूला करायचं आणि दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. पहिल्या रीतीत तोच वाघ काही इंचांनी वाढतो. टेप दाबणारा हात जितका यजमानाच्या मर्जीतला, तितका जास्त. कातडं काढून ताणून वाळवलं की आणखी वाढतो. त्यात शेपटी एकूण लांबीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे लांब शेपटीचा हडकुळा वाघ आखूड शेपटीच्या धिप्पाड वाघाला कागदावर सहज हरवतो. व्हाइसरॉयसाहेबांच्या शिकारीला टेपच वेगळी असे, तिच्यातला फूट अकरा इंचांचा असे, हा छावणीतला जुना विनोद. विनोदच असेल, पण लॉर्ड रीडिंगच्या नावावर साडेअकरा फुटांच्या घरातला वाघ लागलेला आहे आणि शिकारीतल्या जाणत्या माणसांनी त्यावर कधी मान डोलावलेली नाही.

या सगळ्या गोंगाटात मला प्रिय आहे तो ए. ए. डनबार ब्रँडर. मध्य प्रांताच्या जंगलखात्यातला हा अधिकारी. त्याचं मध्य हिंदुस्थानातल्या वन्य प्राण्यांवरचं पुस्तक १९२३ साली आलं. तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात आपला विदर्भही होता, म्हणून हा आपल्याही जंगलांच्या शेजारचा साक्षीदार. त्यानं खुंट्यांमध्ये मोजलेल्या पूर्ण वाढीच्या नरांची सरासरी लांबी भरते सुमारे नऊ फूट तीन इंच. नऊ फूट तीन! दिवाळी अंकात या मापाचा वाघ कुणी छापणारही नाही. ब्रँडरचं वैशिष्ट्य असं, की त्याचं लेखन वाघ लहान निघाल्यानं लहान होत नाही. जनावर चरतं कसं, कळपात कोण पुढं असतं, वारा बदलला की काय करतं, हे तो सांगतो, आणि जिथं त्यानं पाहिलेलं नाही तिथं तसं सांगून थांबतो. कान्हाच्या टणक जमिनीवरच्या बारशिंग्याला शास्त्रीय नावात ‘ब्रँडेराय’ हे पद मिळालं, ते उगाच नाही.

त्याच्या पंगतीला मी कूचबिहारच्या महाराजांना बसवतो, हे काहींना खटकेल. नृपेंद्रनारायण यांची १९०८ ची शिकारडायरी हे हत्याकांडाचं हिशेबवही-रूप आहे: सदतीस वर्षांत ३६५ वाघ, ३११ बिबळे, २०७ गेंडे. वाचताना पोटात ढवळतं. पण ती खरडवही आहे आणि तिनं खरडवहीच राहायचं ठरवलंय. मापं आहेत, कित्येकदा वजनंही आहेत. रात्रीचा सुटलेला वारा आणि डरकाळीनं थरारलेलं अरण्य तिच्यात नाही. पुढच्या अभ्यासकाला तिचा उपयोग झाला तो या कोरडेपणामुळेच. एफ. डब्ल्यू. चँपियनबद्दलही लिहायला हवं. यानं जंगलात तार लावून वाघाकडूनच त्याचा फोटो काढवून घेतला, १९२७ साली पुस्तक केलं, आणि एकेक वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो हे दाखवलं. ज्याला वाघ ओळखता येतो त्याला तो फुगवावासा वाटत नाही. या तिघांच्या मागं उभी आहे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलची किरकोळ टिपणांची जागा. एकानं काही कळवावं, पुढच्या अंकात दुसऱ्यानं ते खोडावं. शिकारसाहित्याचं खरं विद्यापीठ ते.

बाकीच्यांचं थोडक्यात आटपतो. अँडरसनकडे संध्याकाळ उत्तम उतरते. पुरावा मागू नये. अमेरिकी शिकारमासिकांत जॅक ओ’कॉनर आणि एल्मर कीथ हयातभर काडतुसांवरून भांडले, आणि कीथनं सहाशे यार्डांवरून रिव्हॉल्व्हरनं हरण टिपल्याचं सांगितलं. दिवाणखान्यात बसून वाचायला बरं. मराठीत व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढं बंदूक बाजूला ठेवून, वही घेऊन नागझिऱ्यात बसले आणि वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहून गेले. त्यांच्या पाठीमागून आलेल्यांनी वही टाकून बंदूक तेवढी उचलली.

कॉर्बेटला मात्र एका ओळीत उडवता येत नाही. पोवळगडच्या नामांकित वाघाची लांबी दहा फूट सात इंच सांगताना माप अंगावरून टेप फिरवून घेतलं, हे तो प्रामाणिकपणे लिहितो. पुनर्कथनांत पुष्कळदा दहा-सात राहतं आणि टेप गळून पडते. हा दोष त्याचा नाही. माझी अडचण आहे चंपावतच्या वाघिणीपाशी. १९०७ साली तिला मारलं. गोष्ट ग्रंथरूपानं सर्वांपुढं आली १९४४ साली, तीही मुंबईतूनच. बळी ४३६. हा आकडा आपण शाळकरी वयापासून पाठ म्हणत आलो. तो उकलून पाहा. कुमाऊँमधल्या चार वर्षांतले २३४, नेपाळातून हाकलली जाण्यापूर्वी तिथं मारलेले दोनशे, आणि उरलेले दोन अगदी शेवटचे. २३४ हा आकडा कुणीतरी मोजलेला वाटतो. दोनशे हा मोजलेला वाटत नाही. पनारच्या बिबळ्याचे चारशे, तेही तसेच. आकडा जिथं असा गुळगुळीत होतो तिथं मेलेल्यांची नावं कुणी लिहून घेतलेली नसतात, आणि माझा सगळा राग इथं आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या त्सावोचं उदाहरण याहून उघडं आहे. १८९८ साली युगांडा रेल्वेच्या पुलावर काम करणाऱ्या मजुरांना दोन सिंहांनी उचललं. जे. एच. पॅटर्सनच्या १९०७ च्या पुस्तकात हिंदी मजुरांचा आकडा आहे २८, आणि आफ्रिकी लोक किती गेले त्याची नोंदच ठेवली नाही, अशी कबुली. सिंहांची कातडी पुढं शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली गेली, आणि संग्रहालयासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत बळी झाले १३५. मधल्या काळात सिंहांनी काही खाल्लं नव्हतं, ते कधीच मेले होते. २००९ साली त्याच सिंहांच्या हाडांतल्या आणि केसांतल्या समस्थानिकांवरून संशोधकांनी अंदाज काढला: सुमारे ३५, फार तर ७२, कदाचित चारच. फुगवटा कुठून शिरला पाहा. हिंदी मजुरांची हजेरी होती, म्हणून २८ हलवता येत नव्हते. आफ्रिकी माणसांची हजेरीच नव्हती, म्हणून त्यांच्या खात्यावर हवे तेवढे लिहिता आले. ज्यांना जिवंतपणी मोजलं नाही, त्यांना मेल्यावर शिकाऱ्याच्या शौर्यात जमा धरलं.

आमच्याकडचा नेहमीचा बचाव मला ठाऊक आहे. ‘अहो, गोष्ट आहे. पदरचं मीठ-मिरची लावल्याशिवाय कोण वाचणार?’ मग सुरगुजाच्या महाराजांचं काय करायचं? आपण ११५० वाघ मारले, असं त्यांनी वाघांचा अभ्यासक जॉर्ज शॅलरला पत्रानं कळवलं. खोटं असेल तर बढाई. खरं असेल तर त्याहून वाईट. आणि आपल्या आठवणीलेखनात हा आकडा आजही कौतुकाच्या सुरात येतो. याच्या उलट नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संपादकांनी काय केलं ते पाहा. १९४७ साली मध्य हिंदुस्थानातल्या कोरिया संस्थानच्या राजानं रात्री मोटारीतून तीन चित्ते टिपले, देशातल्या शेवटच्या ज्ञात चित्त्यांपैकी. हकीकत जर्नलमध्ये १९४८ साली छापली गेली, पण खाली संपादकांची टीप होती. मजकूर वाचून इतकी किळस आली, की तो केराच्या टोपलीत टाकावा असंच आधी वाटलं; छापतो आहोत तो आरोपपत्र म्हणून, अशा आशयाची. तुमच्या आठवणीतल्या किती मराठी संपादकांनी शिकारलेखाखाली अशी टीप टाकली आहे?

आणि हे जुन्यापुरतंच नाही. यवतमाळच्या पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. तेरा बळी हा आकडा सगळीकडे फिरला. त्यांतले किती खरोखर तिच्या नावावर लागतात, यावरही वाद होता. ज्या लेखकाला या प्रकरणाचा थरार लिहायचा आहे, त्याला इथं कॉर्बेटपेक्षा मोठी सोय आहे. वन्यप्राण्यानं माणूस मारला की पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, भरपाईसाठी कागद फिरतात. त्यांत नाव असतं, गाव असतं, वय असतं, शेतात काय काम चाललं होतं तेही असतं. गुराखी असो की कापूस वेचायला गेलेली बाई, प्रत्येकाची ओळख परिक्षेत्र कार्यालयातल्या फायलीत पडून आहे. ती मागायला अर्ज लागतो, मचाण लागत नाही. तरीही लेखात येतो तो शिकाऱ्याच्या रायफलीचा बोअर. बळींना संख्येवाचून दुसरं काही मिळत नाही.

म्हणून माझी मागणी संपादकांकडे आहे, लेखकांकडे नाही. लेखक सुधारणार नाहीत. शिकारकथेवर ‘सत्यकथा’ छापायचं असेल तर जनावराचं माप कोणत्या रीतीनं घेतलं ते छापा, आणि बळींचा आकडा द्याल तर तो कुठल्या कागदावरून घेतला तेही द्या. शंभरावरचा गोल आकडा आला की लेखकाला पत्र टाका. उत्तर आलं नाही, तर अनुक्रमणिकेत ‘कथा’ असा विभाग असतोच. लेख तिकडं हलवायला मुद्रितशोधकाची दोन मिनिटं पुरतात.