परक्या तारेचे शिक्षण

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एकच, पण देवळे दोन. वर्षाचा काही काळ देव नळदुर्गास मुक्काम करतो आणि उरलेला काळ अणदूरला, आणि दोन्हीकडे कानडी मुलखातून आलेले भक्त व आम्ही मराठी माणसे ज्या ‘येळकोट’च्या घोषात भंडारा उधळतो, तो शब्द मुळात कानडी ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, आहे याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी तो घोष कानात मुरलेला असतो. परमुलखाचे संगीत तंतुवाद्यावर उतरवू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटलेला आहे: त्याच्या हाती आधी स्वरलेखन येते, आणि कान पुष्कळदा तयार व्हायचा राहूनच जातो.

व्हायोलिनचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. हे विलायती वाद्य दक्षिणेत रुजले त्या काळी तंजावरास मराठ्यांचे राज्य होते. सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) दरबारातील वडिवेलू यांनी ते इतके आत्मसात केले, की पुढे १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन नजर केले. महाराष्ट्रात ही कामगिरी गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वाईचे वि. गो. जोग आणि दामोदर केशव दातार यांनी बजावली. त्यांतले गजाननबुवा (१९११–१९८७) तर स्वतः गवई, गवयाचे चिरंजीव. ख्याल त्यांच्या कानात आधीपासून नांदत होता, बदलायचा होता तो फक्त हात.

आणि हात बदलला म्हणजे काय झाले, हे जवळून पाहिले पाहिजे. युरोपात वादक वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरतो, आणि त्याच्या चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लागलेल्या असतात. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे वळलेले डोके उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवतो आणि तारा षड्ज-पंचमांच्या जोड्यांत लावतो. भार पायावर गेल्याने डावा हात मोकळा होतो, बोट तारेवरून हवे तितके लांब घसरते, मींड जन्मास येते. आणि मोकळी तार छेडली की तंबोरा जवळच असल्याचा भास होतो. ही बैठक म्हणजे एका संस्कृतीने दुसरीच्या लाकडात स्वतःसाठी केलेली जागा आहे, आणि मला ती आपल्या संगीतातील अत्यंत बुद्धिमान अशा निर्मितींपैकी एक वाटते.

तथापि आपण वाद्य घेतले आणि त्याचे संगीत दारातच ठेवले, ही उणीव कबूल केली पाहिजे. उलट दिशेने चालले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही माणसे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदात आली, आणि कागदावर न मावणारी मींड व आंदोलन संगीतकाराच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी बोटांत उतरवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांत अग्रगण्य. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. डोळ्यांनी शिकलेल्या माणसाने प्रौढ वयात कान नव्याने घडवणे ही काय तपश्चर्या आहे, याची दखल आपल्या संगीत-समीक्षेने फार तोकडी घेतली.

आजचा विद्यार्थी मोबाइलवर कोणत्याही खंडातले वादन मंद गतीने पाहू शकतो, बोट कोठे पडते ते टिपू शकतो; साधनांचा असा सुकाळ पूर्वी कधीच नव्हता. पण बोटाची जागा कळली म्हणजे स्वराची वागणूक कळत नाही. हे मला व्हायोलिनने नव्हे, तुणतुण्याने शिकवले. अणदूरच्या एका जागरणात एक कानडी पद मी घटकाभरात व्हायोलिनवर बसवले, आणि शाबासकीच्या अपेक्षेने वृद्ध वाघ्याकडे पाहिले. तो म्हणाला, “सूर घावलाय, पर चाल न्हाई घावली. हे धरा जरा.” हातात आले ते एकतारी वाद्य, त्यावर शोधायला दुसरा स्वरच नाही, फक्त ठेका आणि आस. रात्रभर मी तेवढेच केले. पहाटे दिवटीत तेल घालताना त्याने माझ्या काखेतल्या तुणतुण्याची खुंटी किंचित पिळली, पद पुन्हा उचलले, आणि माझा आघात त्या रात्रीत प्रथमच त्याच्या पावलाबरोबर पडला.