समाधानी मालकांची साक्ष

आम्ही गाडी घेतली त्या दिवशी विक्रेत्याकडच्या तरुणाने हार घातला, गाडीपुढे नारळ फोडला, पेढे दिले आणि किल्ली हातात ठेवताना हळूच म्हणाला, "सर, दोन-चार दिवसांत कंपनीतून फोन येईल. आमची सेवा कशी वाटली ते विचारतील. तेवढे दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी आम्हाला नापास धरतात." फोन आला तेव्हा मागच्या दाराचे रबर सुटलेले होते आणि एक कागद अजून मिळायचा होता. तरीही आम्ही दहा गुण दिले. त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, दुसरे काय!

मोजमाप करण्यातच ज्यांचे आयुष्य चालले आहे अशा आमच्याकडूनच जाणूनबुजून चुकीची नोंद दिली गेली. पुढे वर्तमानपत्रात एका गाडीची पानभर जाहिरात पाहिली, 'ग्राहक-समाधानात पहिला क्रमांक'. अशा क्रमांकांत आमच्यासारख्यांचे किती दहा मिसळलेले असतील, असा विचार मनात आला. कंपनीने स्वतः केलेली चौकशी आणि स्वतंत्र संस्थेने केलेली पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. म्हणून या लेखात आपण स्वतंत्र पाहण्यांचाच विचार करू. आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच गाडी घेणाऱ्या शिक्षकाने त्यांच्यावर किती विसंबावे?

या पाहण्यांचे माहेरघर अमेरिका. तेथे दोन नावे प्रसिद्ध आहेत. 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' हे ग्राहकांचे मासिक १९३६ साली सुरू झाले. ते जाहिराती घेत नाही आणि दरवर्षी आपल्या सभासदांना त्यांच्या गाड्यांविषयी प्रश्नावली पाठवते. दुसरी संस्था जे. डी. पॉवर, स्थापना १९६८. ती मालकांची पाहणी करते, तिचा तपशील मोटार कंपन्यांना विकते आणि पहिल्या आलेल्या कंपनीने तो क्रमांक जाहिरातीत मिरवायचा असेल तर त्याचे शुल्क घेते. म्हणजे ज्याची परीक्षा, तोच गिऱ्हाईक. एवढ्यावरून निकाल खोटा ठरत नाही. उलट १९७३ साली याच संस्थेच्या पाहणीतून माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनातील एक रबरी कडी निकामी होत असल्याचे बाहेर आले आणि कंपनीची पुरती अडचण झाली. मालकांना नीट विचारले तर कारखान्याच्या तपासणीतून सुटलेला दोषही सापडतो, हे यातून सिद्ध झाले. तेव्हा या पाहण्या टाकाऊ आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या नेमके काय मोजतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

एकच गाडी, दोन निकाल

ऑक्टोबर २०१५ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स'ने टेस्ला कंपनीच्या 'मॉडेल एस' या विजेवर चालणाऱ्या गाडीचा निकाल जाहीर केला. सुमारे १४०० मालकांच्या उत्तरांवरून या गाडीची विश्वासार्हता सरासरीपेक्षा कमी ठरली. मालकांनी चलित्र, विजेची उपकरणे, दारांच्या मुठी, भार्जक अशा अनेक तक्रारी नोंदवल्या होत्या. मासिकाने या गाडीची शिफारस मागे घेतली. मात्र 'पुन्हा घ्यायची झाली तर हीच गाडी घ्याल का?' या प्रश्नाला ९७ टक्के मालकांनी होकार दिला होता!

यांपैकी खरे काय? उत्तर असे, की दोन्ही खरे. पहिला आकडा गाडीविषयी आहे, तर दुसरा मालकाविषयी. गाडी किती वेळा बिघडली ही मोजता येणारी घटना आहे. समाधान ही मात्र वजाबाकी आहे. मिळालेल्या अनुभवातून मनातली अपेक्षा वजा केली की जे उरते ते समाधान. ज्यांनी त्या काळी ही महागडी, नव्या धाटणीची गाडी हौसेने घेतली, त्यांना वेग हवा होता, नवलाई हवी होती, पेट्रोलपासून सुटका हवी होती. ते सारे मिळाले. मुठीचे दुखणे कंपनीने हमीच्या मुदतीत दूर केले. मग तक्रार कशाची?

याच्या उलट बाजूचे उदाहरण २००३ सालचे आहे. जे. डी. पॉवर नव्या गाडीच्या पहिल्या ९० दिवसांत आलेल्या अडचणी मोजते आणि 'दर १०० गाड्यांमागे इतक्या' असा आकडा देते. त्या वर्षी यादीत तळाशी होती हमर ही लष्करी घाटाची अवजड गाडी. मालकांची मुख्य तक्रार होती की ती फार पेट्रोल पिते. आता एवढ्या वजनाची गाडी पेट्रोल पिणारच! यंत्रात काही मोडलेले नव्हते, मोडली होती ती मालकाची समजूत. तरीही ती तक्रार 'दर्जा'च्या खात्यात जमा झाली. अशा मोजणीत संगीताच्या यंत्राचे बटण सापडत नाही ही एक अडचण आणि इंजिन बंद पडले हीसुद्धा एकच अडचण. पेपर तपासताना शुद्धलेखनाच्या चुकीला आणि गाळलेल्या प्रश्नाला सारखेच गुण कापावेत, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट वजाबाकीत शिरते. पैसे देऊन झाले की आपला निर्णय बरोबरच होता असे मनाला पटवून घ्यावे लागते. १९५७ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी नव्याने गाडी घेतलेल्या लोकांची पाहणी केली. हे लोक आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती अधिक वाचत होते. वास्तविक खरेदी होऊन गेल्यावर जाहिरात वाचून उपयोग काय? उपयोग हाच, की मनाची समजूत पटते. शेजाऱ्याने 'गाडी कशी आहे?' असे विचारल्यावर 'फसलो' असे उत्तर देणारा माणूस आपल्याला किती वेळा भेटतो?

विचारले कोणाला?

इथे मोटारींशी जवळचे नाते असलेली एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या पुस्तकांतून आणि मोटारींच्या नोंदणीवरून. सुमारे २४ लाख उत्तरे आली आणि लँडन निवडून येणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे मोटार आणि टेलिफोन होता ते साऱ्या देशाचे प्रतिनिधी नव्हते, आणि त्यांतही उत्तर पाठवणारे हे न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते.

मोटार-मालकांच्या पाहणीत मोटार असलेल्यांनाच विचारायचे असते, म्हणून पहिला दोष येथे लागू नाही, असे वाटेल. पण तो निराळ्या वाटेने येतो. मासिकाचे सभासद हे चोखंदळ ग्राहक असतात. त्यांचे गाडी सांभाळणे चारचौघांसारखे असेलच असे नाही. २०२० साली जे. डी. पॉवरने टेस्लाचा आकडा दर १०० गाड्यांमागे २५० अडचणी असा दिला. सर्व कंपन्यांची सरासरी होती १६६. पण टेस्लाचे नाव क्रमवारीत घातले नाही. अमेरिकेतील १५ राज्यांत मालकांशी संपर्क साधायला कंपनीची परवानगी लागते आणि टेस्लाने ती दिली नव्हती. उरलेल्या ३५ राज्यांतील उत्तरांवरून हा आकडा काढला होता. संस्थेने हे उघडपणे सांगितले हे चांगलेच झाले. पण अशी अट छापील जाहिरातीत कधी वाचायला मिळते का?

शिवाय वैतागून ज्याने गाडी विकून टाकली, तो मालक उरत नाही. तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांविषयी मूळ मालकांना विचारले, की सर्वांत कडवट साक्षीदार आधीच निघून गेलेले असतात. नापास होऊन शाळा सोडलेल्या मुलांना वगळून दहावीच्या वर्गाची सरासरी काढावी, तसे हे होते.

विचारले किती जणांना?

येथे बहुतेकांची एक गैरसमजूत असते. नमुना मोठा असला की निकाल खरा असे त्यांना वाटते. नमुना वाढवल्याने कमी होते ती फक्त योगायोगाने येणारी चूक, आणि तीसुद्धा वर्गमुळाच्या हिशोबाने. १०० मालकांपैकी ९० टक्के समाधानी निघाले तर या आकड्यात सुमारे ६ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. ही चूक निम्मी, म्हणजे ३ टक्के करायची तर ४०० मालक लागतात. १४०० जणांपैकी ९७ टक्के होकार असेल, तर योगायोगाची चूक जेमतेम १ टक्का उरते. तेव्हा वर सांगितलेल्या ९७ टक्क्यांत गणिताची खोट नाही. पण प्रश्नातच जो झुकाव आहे, तो १४०० च्या जागी १४ लाख माणसे घेतली तरी तसाच राहतो.

ही गोष्ट आपल्याकडे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने शेतात दाखवून दिली आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पिकाचा अंदाज काढण्यासाठी शेतात लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापून तोलण्याची पद्धत आहे. तुकडा फार लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवले. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त. असे हजारो तुकडे कापले तरी ही चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती एकाच दिशेने होते. आमचे दहापैकी दहा हे असेच कडेवरचे रोप होते.

क्रमवारीचेही तसेच. समजा, एका गाडीच्या १०० मालकांनी मिळून १५० अडचणी सांगितल्या. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने १५० च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १२ चा फरक सहज पडतो. मग १४५ अडचणींची गाडी 'पाचवी' आणि १५५ ची 'नववी', या भेदाला काय अर्थ आहे? हजार मालक विचारले तर ही चूक दर १०० गाड्यांमागे सुमारे ४ वर येते. तेव्हा क्रमांक वाचण्यापूर्वी दोन आकड्यांतले अंतर आणि विचारलेल्या मालकांची संख्या या दोन्ही गोष्टी पाहिल्या पाहिजेत. जाहिरातीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

मग विसंबावे किती?

आमचे मत थोडक्यात असे. 'काय बिघडले आणि किती वेळा' असे विचारणारी पाहणी, तीही दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांची आणि वर्षानुवर्षे त्याच दिशेने बोट दाखवणारी असेल, तर तिच्यावर बरेच विसंबावे. सरासरीच्या दीडपट अडचणी दिसल्या तर दोनदा विचार करावा. दोन-चार क्रमांकांच्या फरकाकडे दुर्लक्ष करावे. आणि 'समाधान किती' या आकड्याकडे पाहताना उत्तर देणाऱ्या माणसाची अपेक्षा आपल्यासारखी आहे का, हे आधी विचारावे. ज्याच्या घरी दुसरी गाडी उभी आहे त्याचे समाधान आणि ज्याला त्याच गाडीने आजारी वडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे आहे त्याचे समाधान यांची बेरीज करता येत नाही.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. सायकलीने येणाऱ्या मुलांना नाव न लिहिता चिठ्ठीवर दोन उत्तरे लिहायला सांगावीत. गेल्या महिन्यात सायकल पंक्चर होणे, साखळी पडणे, ब्रेक न लागणे हे मिळून किती वेळा झाले? आणि पुन्हा घ्यायची झाली तर हीच सायकल घ्याल का? दोन्ही उत्तरे आलेखावर मांडावीत. मग दुसरा प्रश्न पुन्हा, या वेळी सर्वांसमोर हात वर करायला सांगून विचारावा आणि होकारांची संख्या बदलते का ते पाहावे. उत्तर काय येईल ते आम्ही सांगत नाही. मुलांना ते स्वतः काढू द्यावे. एवढ्या एका तासात नमुना, झुकाव आणि मोजमाप या तिन्ही गोष्टी हाताला लागतात.

हा विषय आम्ही शिक्षकांपुढे मांडला याला आणखी एक कारण आहे. प्रशिक्षणवर्ग संपताना आपल्याही हातात एक कागद येतो, 'प्रशिक्षणाने आपले समाधान झाले का?' जेवण वेळेवर मिळालेले असते, मार्गदर्शक दाराशी उभे असतात, गाडीची वेळ झालेली असते. आपण 'अत्यंत समाधानकारक'वर खूण करतो आणि निघतो. सोमवारी वर्गात काही वेगळे घडले का, हे त्या कागदावर विचारलेले नसते. पुढे अशाच कागदांची बेरीज होऊन तोच वर्ग तसाच्या तसा पुन्हा भरतो. आम्ही फोनवर दिलेल्या दहा गुणांमुळे फार तर कोणी एक गाडी चुकीची घेईल. या कागदावरच्या खुणेची किंमत वर्गातली मुले मोजतात. पुढच्या वेळी खूण करण्यापूर्वी आपण एवढे तरी आठवू या.