बाप शोधणारी समीक्षा

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. तेव्हापासून आमची समीक्षा या पुस्तकाला एकच प्रश्न विचारीत आली आहे : बाप कोण? पाटील हणमंता लिंबाळे, मसामाय, अनौरसपणाचा डाग, शाळेच्या दाखल्यावरचे नाव. हा प्रश्न पुस्तकाचाच आहे, शीर्षकातच आहे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या पोराला वाढवले कोणी, या प्रश्नाचे उत्तरही पुस्तक पानोपानी देते. आजी संतामाय, आणि तिच्याबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार, म्हणजे 'दादा'. एक महार म्हातारी आणि एक मुसलमान माणूस. या दोघांना आमचे समीक्षक 'मानवतेचे दर्शन' असे एक वाक्य वाहतात आणि पुन्हा बापाकडे वळतात.

असे का होते? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा खल आहे. तिथेच पुत्रांचे बारा प्रकार मोजले आहेत आणि औरसाला पहिले आसन दिले आहे. त्या ग्रंथाची १९२७ साली महाडला होळी झाली. परंतु मूल कोणाच्या बीजाचे यावरून त्याच्या दुःखाची प्रत ठरवण्याची सवय आमच्या लिखाणात शिल्लक राहिली. सांभाळणाऱ्याला या हिशेबात घरच नाही. हे बोलणे कडू वाटेल, पण ते आपसातले आहे.

दादाकडे कायद्याच्या बाजूने पाहा. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी. मुसलमान माणसाला मूल दत्तक घेण्याची वाट तेव्हा नव्हती. होता तो १८९० चा पालकत्वाचा कायदा, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागे. बालन्याय कायद्याने सर्व धर्मीयांना वाट मोकळी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २०१४ साली स्पष्ट केले. लिंबाळ्यांचे बालपण तोवर कधीच सरले होते. म्हणजे ज्याने भाकर दिली तो माणूस कागदावर त्या पोराचा कोणीही नव्हता. या 'कोणीही नसण्या'वर एक तरी लेख लिहिला जायला हवा होता.

आज हे काढण्याला कारण घडले. माझी भाची आणि भाचजावई यांनी दत्तकासाठी नाव नोंदवले आहे. दवनीवाड्यात मोबाइलला नेटवर्क धरून राहिले तर संध्याकाळी दोघे दत्तक आणि प्रतिपालकांसाठीचा ऑनलाइन वर्ग ऐकतात. काही दिवस मीही शेजारी बसलो. शिकवणाऱ्या बाई मन लावून शिकवतात. मुलाला वेगळी खोली असल्यास उत्तम, असे त्या म्हणाल्या तेव्हा भाचजावयाने खोलीतल्या धानाच्या पोत्यांकडे पाहिले. ते सोडून देऊ. वर्गाचा मुख्य धडा असा : मुलाला त्याच्या जन्माचे सत्य लहानपणापासून, गोष्टीतून, हळूहळू सांगावे. धडा खरा आहे. परंतु तो अशा घरासाठी आहे जिथे सत्य पालकांच्या हाती असते आणि ते केव्हा सांगायचे हे पालक ठरवतात. 'अक्करमाशी'त सत्य गावाच्या तोंडी आहे. ते शिवी होऊन येते, आणि पोराला अक्षरओळख होण्याआधी येते. तिथे सांभाळणाऱ्यापुढचे काम सांगण्याचे नाही. सगळ्यांनी सांगून झाल्यावर पोराला उभे कसे ठेवायचे, हे ते काम आहे. संतामायने आणि दादाने ते कसे केले, कुठे केले आणि कुठे त्यांना जमले नाही, हे पुस्तकात आहे. कोणत्याही वर्गात ते नाही.

म्हणून आजी-मावशीचे घर म्हणजे स्वर्ग असे मी म्हणणार नाही. १९९४ साली आलेले किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' वाचावे. तिथे जीव लावणारी जीजी आहे, आणि त्याच नात्यात बायकांच्या कमाईवर बसून खाणारा, पोराला राबवणारा आजोबाही आहे. नाते आहे म्हणून माया आहे, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून शिक्षण हवेच. पण त्याचा अभ्यासक्रम लिहिणाऱ्याने ही दोन पुस्तके वाचलेली असावीत. आणि त्याने ती वाचावीत म्हणून समीक्षेने आधी ती नीट वाचावीत.

आमच्या परंपरेला हा विषय परका नाही. आई गेल्यावर जोतीबांना सगुणाबाईंनी वाढवले, भीमाबाई गेल्यावर बाबासाहेबांना आत्या मीराबाईंनी. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत जोतीबा-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. शास्त्राला स्वजातीचा दत्तक हवा असताना हे घडले. जयंतीच्या भाषणांत हे सारे प्रसंग येतात, समीक्षेत निकष म्हणून येत नाहीत.

आमच्या झाडीपट्टीत आईच्या थोरल्या बहिणीला 'मोठी माय' म्हणतात. शब्दातच जबाबदारी आहे. दवनीवाड्यात माझ्या गल्लीत एक आजी दोन नातवंडे सांभाळते. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत वाकते. राज्याच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचे नाव आहे आणि २०२३ पासून तिची रक्कम एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहे. आजीने अर्ज भरला आहे. मृत्यूचा दाखला आहे, रहिवासी दाखला आहे, शाळेचा दाखला आहे. धाकट्याच्या दाखल्यावर बापाच्या नावाची जागा कोरी आहे, आणि त्या कोऱ्या जागेपाशी तिचा कागद अडला आहे.