ढाल कोणाच्या हाती: सुपरहिरो चित्रपटांतील उत्तराधिकार

सुपरहिरो या कल्पित नायकाच्या ठिकाणी दोन घटक एकत्र आलेले असतात: एक त्याचे नाव, वेष आणि चिन्ह, व दुसरा तो वेष अंगावर चढवणारी व्यक्ती. व्यक्ती बदलली तरी नाव चालू ठेवता येते, या गृहीतकाचा अमेरिकी कॉमिक्सने फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला असून अलीकडच्या काळात मोठ्या भांडवलावर चालणाऱ्या चित्रपटमालिकांनीही तोच मार्ग धरला आहे. जुन्या नायकाचे नाव, आयुध आणि जबाबदारी त्याच कथाविश्वातल्या दुसऱ्या पात्राकडे जाणे, याला येथे ‘वसा सोपवणे’ असे म्हटले आहे. एकाच पात्रासाठी नवा नट घेणे ही याहून निराळी गोष्ट होय. मायकेल कीटनपासून (१९८९) रॉबर्ट पॅटिन्सनपर्यंत (२०२२) बॅटमॅनच्या भूमिकेत अनेक नट आले, तरी मुखवट्याआड दर वेळी ब्रूस वेनच होता. नट बदलला की प्रेक्षकाला नव्या चेहऱ्याची सवय करून घ्यावी लागते, एवढेच. वसा सोपवला गेला की मात्र त्या नावाचा अर्थ काय आणि त्यावर अधिकार कोणाचा, हे प्रश्न कथेच्या आतच उभे राहतात.

कॉमिक्समध्ये ही प्रथा चांगलीच रुळलेली आहे. ‘फ्लॅश’ हे नाव १९४० मध्ये जे गॅरिकने धारण केले, १९५६ मध्ये त्याच नावाने बॅरी ॲलन आला, आणि पुढे १९८५ मधील कथानकात बॅरीचा मृत्यू झाल्यावर त्याचा तरुण साथीदार वॉली वेस्ट फ्लॅश झाला. मराठी वाचकाला ही कल्पना इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळे ओळखीची आहे: ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक आपल्या घराण्यातला एकविसावा, आणि कवटीच्या आकाराच्या गुहेत राहून बापाचा वेष मुलाने चढवायचा, ही तिथली रीत. तथापि या दोन उदाहरणांत महत्त्वाचा फरक आहे. वेताळाच्या बाबतीत बदल झाल्याचे जगाला कळू द्यायचे नसते, कारण त्याचा सगळा दरारा एकच माणूस शतकानुशतके जिवंत असल्याच्या समजुतीवर टिकून असतो. फ्लॅशच्या बाबतीत बदल उघड असतो आणि नव्या धारकाची जुन्याशी होणारी तुलना हाच कथेचा विषय बनतो. चित्रपटांनी स्वीकारला तो हा दुसरा प्रकार, आणि त्याबरोबर त्यातली जोखीमही पत्करली.

ही जोखीम चित्रपटात वाढते, याचे कारण माध्यमाच्या स्वरूपातच आहे. कागदावरचा नायक म्हातारा होत नाही. त्यामुळे कॉमिक्समध्ये वसा सोपवणे हा लेखकाने आपखुशीने मांडलेला डाव असतो आणि वाचकांना तो रुचला नाही, तर जुन्या नायकाला परत आणून मोडताही येतो. पडद्यावरच्या नायकाला मात्र नटाचे शरीर असते. ते थकते, नटाचा करार संपतो, कधी त्याला मृत्यू गाठतो. शिवाय परस्परांशी जोडलेल्या अनेक चित्रपटांतून तोच नट वर्षानुवर्षे दिसत राहिला की नाव आणि चेहरा प्रेक्षकाच्या मनात एकजीव होतात. नावाची मालकी स्टुडिओची असते, पण त्या नावावरचे प्रेम चेहऱ्याशी बांधलेले असते, आणि वसा सोपवू पाहणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला ही गाठ सोडवावी लागते. गेल्या काही वर्षांतले चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर असे दिसते की जुन्या नायकाच्या आशीर्वादाने ती सुटत नाही. पूर्वीच्या धारकाला जे करताच आले नसते असे काही नवा धारक त्या नावाकडून करवून घेतो, तेव्हाच ती सुटते.

या कसोटीवर उतरणारा एक जुना चित्रपट म्हणजे मार्टिन कॅम्पबेल दिग्दर्शित ‘द मास्क ऑफ झोरो’ (१९९८). जॉन्स्टन मॅककली यांनी १९१९ मध्ये निर्माण केलेल्या झोरोला अतिमानवी शक्ती नसल्याने त्याला सुपरहिरोंचा पूर्वज म्हणणे अधिक योग्य ठरेल. मूळ कथेतला झोरो हा ऐदीपणाचे सोंग घेणारा उमराव होता. चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांचा वृद्ध झोरो, म्हणजे दिएगो, ज्याला हाताशी धरतो तो अलेहांद्रो मात्र भावाच्या मृत्यूने खचून दारूच्या आहारी गेलेला चोर आहे, आणि तलवारीच्या हातांबरोबरच त्याला उमरावांत वावरण्याची रीतभातही शिकावी लागते. म्हणजे उमरावाने लोकांसाठी घेतलेला मुखवटा आता लोकांतूनच आलेल्या माणसाकडे जातो. चित्रपटाचा मोठा भाग शिकवणीला दिलेला असल्याने हा बदल प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, टप्प्याटप्प्याने घडतो.

कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचा प्रवास अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही आढळतात. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’च्या (२०१९) अखेरीस वृद्ध झालेला मूळ कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्स आपला साथीदार सॅम विल्सन याच्या हाती ढाल देतो, तेव्हा ती दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी वाटते, अशी कबुली सॅम देतो. ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ (२०२१) या सहा भागांच्या मालिकेने याच अवघडलेपणात आपला विषय शोधला. सॅम ती ढाल संग्रहालयाला देऊन टाकतो, सरकार ती परस्पर जॉन वॉकर या पदकप्राप्त सैनिकाकडे सोपवते, आणि चौथ्या भागाच्या शेवटी हा वॉकर भर चौकात, लोक मोबाइलवर चित्रण करत असताना, खाली पडलेल्या माणसाला त्याच ढालीने ठार मारतो. तारा आणि पट्ट्यांवर रक्त लागलेल्या त्या दृश्याने एक गोष्ट स्पष्ट होते: सरकारी नियुक्तीने ढाल मिळते, अधिकार मिळत नाही. दुसऱ्या बाजूला आयझाया ब्रॅडली हा वृद्ध कृष्णवर्णीय सैनिक उभा आहे, ज्याच्यावर सरकारने शक्तिवर्धक रसायनाचा प्रयोग केला आणि पुढे त्यालाच तीस वर्षे कोठडीत ठेवले. २००३ च्या कॉमिक्समधून आलेल्या या पात्रामागे टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांविना ठेवून केल्या गेलेल्या कुप्रसिद्ध अभ्यासाची स्मृती आहे. स्वाभिमानी काळ्या माणसाने ही ढाल हाती धरू नये, हे त्याचे म्हणणे मालिका खोडून काढत नाही; सॅम ते ऐकून घेतो आणि तरीही ढाल उचलतो, म्हणून त्या उचलण्याला वजन येते.

ज्युलियस ओना दिग्दर्शित ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (२०२५) मात्र हे भांडवल बरेचसे वाया गेले. त्याचे कथानक २००८ च्या ‘द इन्क्रेडिबल हल्क’मधल्या शिल्लक धाग्यांवर उभे आहे, खुद्द आयझाया राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडून पुन्हा तुरुंगात जातो, पण ते कृत्य दुसऱ्याने त्याच्या मनाचा ताबा घेऊन करवलेले ठरल्याने त्याच्या संतापाला काही अर्थच उरत नाही. आपण रसायन घ्यायला हवे होते का, या सॅमच्या शंकेचे निरसनही रुग्णालयात भेटायला आलेल्या जुन्या मित्राच्या चार शब्दांवर भागवले जाते. चित्रपटाने जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलर मिळवले. २०११ च्या पहिल्या भागाची कमाई सुमारे ३७ कोटी होती आणि २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’ची ११५ कोटींच्या पुढे. या आकड्यांवरून प्रेक्षकाने सॅमला नाकारले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, पण पटकथेत सॅमच्या जागी स्टीव्हला बसवले तरी फारसे काही बिघडणार नाही, हा दोष त्यातून लपत नाही.

‘ब्लॅक पँथर’च्या बाबतीत वसा सोपवणे हा निर्णय परिस्थितीने लादला. चॅडविक बोसमन यांचे ऑगस्ट २०२० मध्ये कर्करोगाने निधन झाले, त्यांनी साकारलेल्या टचाला, म्हणजे ब्लॅक पँथर, या पात्रासाठी दुसरा नट घ्यायचा नाही असे स्टुडिओने ठरवले, आणि रायन कूगलर यांनी ‘वाकांडा फॉरेव्हर’ (२०२२) हा चित्रपट शोकाच्या पायावर उभा केला. पांढऱ्या वस्त्रांतल्या अंत्ययात्रेने सुरू होणाऱ्या या कथेत टचालाची बहीण शुरी प्रयोगशाळेत वाढलेली, विधींवर विश्वास नसलेली आहे. ज्या वनस्पतीमुळे पँथरला बळ मिळते ती पहिल्या भागात खलनायक किलमाँगरने जाळून टाकलेली असते; शुरी ती कृत्रिमरीत्या बनवते, प्राशन करते, आणि पूर्वजांच्या लोकात तिला आई किंवा भाऊ भेटण्याऐवजी सिंहासनावर बसलेला तोच किलमाँगर भेटतो. वसा स्वीकारण्याच्या क्षणी आशीर्वादाच्या जागी सूडाचे आमंत्रण यावे, ही या चित्रपटाची सर्वांत धीट कल्पना होय. शुरीला पँथर होण्यासाठी आधी आपल्यातला किलमाँगर ओळखावा लागतो. अखेरीस राजपदाच्या आव्हानासाठी ती हजर न राहता दुसऱ्या टोळीचा प्रमुख म्बाकू पुढे येतो, त्यामुळे टचालाच्या ठायी एकत्र असलेली रक्षकाची आणि राजाची भूमिका पहिल्यांदाच वेगळी होण्याची शक्यता निर्माण होते. प्रतिस्पर्धी नामोरच्या राज्याचे दीर्घ उपकथानक मध्ये नसते, तर ही मांडणी अधिक ठाशीव झाली असती.

आतापर्यंतचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण मात्र ॲनिमेशनपटात सापडते, आणि हा योगायोग नव्हे, कारण तिथे नटाच्या वयाचे आणि चेहऱ्याचे ओझे नसते. ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’चा (२०१८) नायक माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनमधला आफ्रिकी-अमेरिकी बापाचा आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा, ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी तो २०११ मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केला. त्याची अपुरी तयारी चित्रकारांनी हालचालीच्या गतीतच गुंफली आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. बर्फाळ जंगलातून झोके घेत पळण्याच्या प्रसंगात अनुभवी स्पायडर-मॅन पीटर पार्करसाठी प्रत्येक चौकटीला नवे चित्र आहे, तर माइल्सचे एकच चित्र दोन चौकटी टिकते, त्यामुळे तो नकळत अडखळता वाटतो. पुढे तो दुकानातून घेतलेला पोशाख टाकून पीटरच्या वेषावर स्वतःच्या हाताने काळा रंग फवारतो आणि उंच इमारतीवरून उडी घेतो, तेव्हा बोटांना चिकटलेली काच फुटून निघते, म्हणजे भीती अजून गेलेली नसते. कॅमेरा मात्र उलटा धरलेला असल्याने खाली पडणारा मुलगा वर चढत असल्यासारखा दिसतो. भिंतींवर चित्रे रंगवण्याचा त्याचा छंद, त्याचे वय, त्याची भीती हे सारे त्या एका वेषात उतरते, आणि पीटर पार्करला तो वेष चढवता आला तरी शोभला नसता.

‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३) या दुसऱ्या भागाने त्यापुढचा प्रश्न घेतला. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठराविक दुःखे घडलीच पाहिजेत, असा दंडक राखणारा मिगेल ओहारा माइल्सला सांगतो की त्याला चावलेला कोळी दुसऱ्या विश्वातला असल्याने तो मुळात स्पायडर-मॅन व्हायलाच नको होता. नव्या धारकाला परंपरेच्या नावाने उपरा ठरवणाऱ्या चाहत्यांचा युक्तिवादच येथे पात्राच्या तोंडी आला आहे. याच चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून रचलेल्या मुंबॅटनचा पवित्र प्रभाकर दिसतो, आणि भारतात चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाल्याने मराठी प्रेक्षकाला तो आपल्या भाषेत भेटला. अनेक विश्वांत अनेक धारक एकाच वेळी नांदतात, ही रचना वसा सोपवण्याऐवजी वाटण्याचा मार्ग दाखवते. नव्याने यावे म्हणून जुन्याने जाण्याची अट तिथे उरत नाही.

इतर प्रयोगांचा आढावा थोडक्यात घेता येईल. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये (२०१२) ब्रूस वेनची गुहा जॉन ब्लेकला मिळते, पण मालिकाच तिथे संपल्याने तो वसा कधी कसोटीला लागला नाही. ‘थॉर: लव्ह अँड थंडर’मध्ये (२०२२) हातोडा उचलणाऱ्या जेन फॉस्टरचा कर्करोग प्रत्येक वापरागणिक बळावतो, ही कल्पना समर्थ असली तरी विनोदाच्या भडिमारात ती दबून जाते. जेम्स मँगोल्ड यांच्या ‘लोगन’मध्ये (२०१७) लॉरा ही मुलगी लोगनच्या, म्हणजे वुल्व्हरिनच्या, थडग्यावरचा क्रूस तिरपा करून त्याचा ‘एक्स’ करते आणि एका युगाची सांगता होते. पण २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’च्या आरंभीच तेच थडगे उकरून लोगनच्या हाडांची शस्त्रे केली जातात, आणि दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन म्हणून ह्यू जॅकमन परततात. त्या चित्रपटाने १३३ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये पूर्वी आयर्न मॅन साकारणारे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर खलनायक डॉक्टर डूमच्या भूमिकेत परतणार असल्याचे जाहीर झाले, तर आयर्न मॅनच्या वाटेने जाणारी रिरी विल्यम्स २०२५ मध्ये ओटीटीवरील छोट्या मालिकेपुरती उरली.

यातून चित्रपटउद्योगाने काढलेला निष्कर्ष उघड आहे: चेहरा हमखास चालतो, वसा चालेलच असे नाही. हा निष्कर्ष हिशेबाच्या दृष्टीने समजण्यासारखा असला तरी कलेच्या दृष्टीने अपुरा आहे, कारण जिथे प्रेक्षकाला नव्या धारकाच्या शंकेत, शिकण्यात आणि चुकण्यात सहभागी करून घेतले गेले तिथे त्याने साथ दिलेली दिसते. स्पायडर-व्हर्सच्या पहिल्या भागाने सुमारे ३८ कोटी आणि दुसऱ्याने सुमारे ६९ कोटी डॉलर मिळवले, आणि तेही पूर्णतः नव्या स्पायडर-मॅनच्या बळावर. सॅम विल्सनच्या वाट्याला मालिकेत सहा भागांची झुंज आली आणि चित्रपटात तयार पोशाख आला. दोन्हींतल्या परिणामाचा फरक येथूनच सुरू होतो. जुन्या चेहऱ्यांना परत बोलावून काही वर्षे निभावता येतील, परंतु तेही नट वयाने वाढतच आहेत, आणि पुढच्या वेळी ढाल कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न येईल तेव्हा ती देण्याचा समारंभ आखण्याआधी ती पेलण्याची पटकथा लिहावी लागेल.