वायूची एन्ट्रॉपी : सिद्धतेतील एक न समजावलेली ओळ

पदवीच्या पाठ्यपुस्तकांत सांख्यिकीय यामिकीच्या आधारे वायूची एन्ट्रॉपी काढून दाखवतात, तेव्हा प्रारंभ बोल्ट्झमनच्या सूत्राने होतो. व्हिएन्नातील त्याच्या समाधीवर कोरलेले हे सूत्र त्या स्वरूपात प्लांकने मांडले, हे क्वचितच सांगितले जाते, ते असो. वायूच्या रेणूंना किती सूक्ष्म अवस्था शक्य आहेत ते मोजायचे, त्या संख्येचा लॉगरिदम घ्यायचा आणि बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने गुणायचे. येथवर सारे सरळ आहे. मग एकाएकी ओळ येते : 'आता एन फॅक्टोरियलने भागू.' का, याचे उत्तर बहुधा 'दुरुस्ती' या एका शब्दात उरकले जाते.

ती ओळ गाळली तर काय होते? एका पेटीत पडद्याच्या दोन्ही बाजूंना समान तापमान व दाबाचा एकेक मोल आर्गॉन आहे. पडदा काढला. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. गणित मात्र एन्ट्रॉपी केल्विनमागे 11.5 ज्यूल वाढल्याचे सांगते. पडदा परत घातला की ती तितकीच घटते, म्हणजे दुसरा नियमच मोडला! समान रेणूंच्या केवळ अदलाबदलीला वेगळी अवस्था धरू नये, हा मार्ग गिब्जने 1902च्या ग्रंथात दाखवला होता. तेव्हा पुंजयामिकी जन्मलीही नव्हती. म्हणून 'याचे कारण पुंजयामिकीतच सापडेल' हा पुस्तकांचा सूर अर्धाच खरा.

दोष भाषेचाही आहे. 'एकसारखे रेणू' म्हटल्याने काम भागत नाही. एकसारखी नाणीही एक, दोन करून मोजता येतात, त्यांच्या जागांवर बोट ठेवता येते. येथे अभिप्रेत आहेत एकमेकांपासून ओळखून वेगळे न काढता येणारे कण. त्यांना 'अभेद्य' म्हणावे तर डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशकणांची मोजणी याच अर्थाने केली. आइन्स्टाइनने तो निबंध स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि ती पद्धत वायूलाही लावली.

त्याआधीच, 1912 मध्ये, झाकूर आणि अवघ्या 17 वर्षांचा टेट्रोड यांनी स्वतंत्रपणे, एका अवस्थेच्या खणाचे माप प्लांकच्या स्थिरांकाशी जोडून पूर्ण सूत्र दिले आणि पाऱ्याच्या वाफेवर ते तपासले. आर्गॉनसाठी 298 केल्विन व 1 बार दाबाला त्यातून मोलमागे 154.8 ज्यूल प्रति केल्विन मिळतात. उष्णतामापनाचे उत्तरही त्याच्या अगदी जवळ आहे. सिद्धतेवर विश्वास बसावा असा हा पडताळा प्रकरणाच्या मुख्य भागात हवा. तो बहुधा शेवटच्या उदाहरणसंग्रहात, विद्यार्थ्यानेच सोडवायचा म्हणून, पडून असतो.