चाचणी-क्षेत्राची मंजुरी आणि निरीक्षणाचे उत्तरदायित्व : फंडी उपसागराच्या संदर्भात

सागरी अक्षय ऊर्जेच्या चाचणी-क्षेत्रास पर्यावरणीय मंजुरी देताना एक मूलभूत पेच उद्भवतो. यंत्राचा सागरी जीवांवर कोणता परिणाम होतो हे जाणून घेण्यासाठीच चाचणी करावयाची असते. मंजुरीची प्रक्रिया मात्र तो परिणाम आधीच सांगा, असा आग्रह धरते. यावर ‘अनुकूली व्यवस्थापन’ हा तोडगा सर्वमान्य झाला आहे. प्रथम मोजकी यंत्रे बसवावीत, निरीक्षण करावे आणि निष्कर्षांनुसार अटी बदलाव्यात, असे त्याचे स्वरूप होय. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. परंतु हे निरीक्षण कोणी करावयाचे, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, फंडी उपसागराच्या मिनास पॅसेज या चिंचोळ्या भागात भरती-ओहोटीच्या ऊर्जेचे चाचणी-क्षेत्र आहे. उपसागराच्या शिरोभागी भरती व ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर सुमारे १६ मीटरपर्यंत जाते. या क्षेत्रास २००९ मध्ये प्रांतिक पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच वर्षी बसविलेल्या पहिल्या यंत्राची पाती प्रवाहाने काही आठवड्यांतच मोडली. यंत्राचा समुद्रावरील आघात मोजण्यापूर्वी समुद्राचा यंत्रावरील आघातच सिद्ध झाला!

२०१६ मध्ये ‘केप शार्प टायडल’ने २ मेगावॅट क्षमतेचे यंत्र बसविले. मूळ परिस्थितीची माहितीच अपुरी असताना परिणाम कशाच्या तुलनेत मोजणार, हा स्थानिक मच्छीमारांचा आक्षेप होता. त्यांची याचिका २०१७ मध्ये न्यायालयाने फेटाळली. आक्षेपातील शास्त्रीय प्रश्न मात्र त्यामुळे निकालात निघाला नाही. जुलै २०१८ मध्ये दुसरे यंत्र तळाशी उतरले आणि अवघ्या काही दिवसांत त्याची निर्माती ‘ओपनहायड्रो’ कंपनी दिवाळखोरीत निघाली. यंत्रावरील निरीक्षण-उपकरणे काही काळ बेवारस झाली. ज्या निरीक्षणाच्या भरवशावर मंजुरी दिली होती, तेच कंपनीच्या ताळेबंदाला बांधलेले होते, हे तेव्हा उघड झाले.

पुढे शासनाचा पवित्रा दुसऱ्या टोकास गेला, असे म्हणावे लागते. परवानगीचा मार्ग स्पष्ट होत नाही, असे सांगून ‘सस्टेनेबल मरीन’ या कंपनीने २०२३ मध्ये तरंगत्या यंत्रांचा प्रकल्प गुंडाळला. फंडीच्या अंतर्भागातील सामन मासा संकटग्रस्त आहे. त्यामुळे मत्स्य विभागाची सावधगिरी अनाठायी नव्हती. तथापि यंत्राजवळ माशाचे काय होते याची नोंद यंत्राशिवाय कशी मिळावी?

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉखमध्ये २००८ साली ‘सीजेन’ हे १.२ मेगावॅटचे यंत्र सीलांच्या अधिवासातच बसविण्यात आले. सील जवळ येताच यंत्र थांबविण्याची अट होती व नोंदी जमत गेल्या तशी ती शिथिल होत गेली. फंडीतील पाणी अतिशय गढूळ व वेगवान असल्याने हा नमुना तेथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु निरीक्षणाचा निधी विकासकाकडून आगाऊ घेऊन तो चाचणी-क्षेत्राच्या स्वतंत्र व्यवस्थेकडे सोपविण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अशी तरतूद मंजुरीची पूर्वअट असती, तर २०१८ मध्ये कंपनी बुडाली तरी नोंदी थांबल्या नसत्या.