भागिले कशाने? टॉर्चच्या एका बोर्डाची समीक्षा

'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे दहा पेपरांचे सारांश एकाखाली एक लिहिणं नव्हे, हे आपण मागे बघितलं. समीक्षा फक्त पेपरचीच होते असंही नाही. एखादं सर्किट बोर्डसुद्धा वाचता येतं. कुणीतरी काही गृहीत धरलं, काही निवडलं, काही सोडलं, आणि ते सगळं तांब्यात कोरून ठेवलं. आज असंच एक बोर्ड घेऊ: हौशी टॉर्चवाल्यांमध्ये गाजलेला १७ मिलीमीटर व्यासाचा 'नॅनजेजी १०५सी' ड्रायव्हर आणि त्यावरून पुढे लोकांनी स्वतः डिझाइन केलेली बोर्डं.

हे खान्देशात बसून का वाचायचं? कृषिपंपांना थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पण रात्रीची पाळी अजून सगळीकडची गेलेली नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत किंवा शिरपूरकडच्या गव्हात रात्री पाणी भरणाऱ्या माणसाच्या हातात टॉर्च असतो. गावात त्याला 'बॅटरी'च म्हणतात. साप, विंचू, कधी बिबट्या. त्यामुळे उजेड किती आणि किती वेळ, हा इथे हौसेचा प्रश्न नाही.

बोर्डात चांगलं काय आहे

रचना साधी आहे. एटीटायनी१३ए हा १ किलोबाइट मेमरीचा मायक्रोकंट्रोलर आणि एएमसी ७१३५ नावाच्या आठ चिप. प्रत्येक चिप ३५० मिलीअँपिअर करंट धरून ठेवते. आठ चिप समांतर, म्हणजे २.८ अँपिअर. करंट कमी हवा? चिप काढा. म्हणजे डिझाइन मोजता येतं, अक्षरशः बोटांवर. नवशिक्याला सोल्डरिंग गन घेऊन त्यात बदल करता येतो, क्लिप लावून नवा प्रोग्रॅम टाकता येतो. ज्या वस्तूत बदल करून परिणाम बघता येतो ती प्रयोगासाठी चांगली, हा या बोर्डाचा खरा गुण.

आता लिनिअर ड्रायव्हरवरचा नेहमीचा आक्षेप घ्या: 'हा जादाचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, म्हणून अकार्यक्षम.' आकडे घालून बघा. लिनिअर ड्रायव्हरची कार्यक्षमता म्हणजे एलईडीचा व्होल्टेज भागिले सेलचा व्होल्टेज. एलईडी ३.३ व्होल्ट आणि सेल ४.० व्होल्ट असेल तर ८२ टक्के; सेल ३.६ वर आला की ९२ टक्के. हे काही वाईट नाही. चांगल्या स्विचिंग ड्रायव्हरशी तुलना करता येईल असंच आहे. पण सुरुवातीला ०.७ व्होल्ट गुणिले २.८ अँपिअर, म्हणजे जवळपास २ वॅट उष्णता रुपयाच्या नाण्याएवढ्याही नसलेल्या चकतीत तयार होते. म्हणजे आक्षेप कार्यक्षमतेवर नको, उष्णतेच्या वाटेवर हवा. हा फरक लक्षात ठेवा. चुकीच्या मुद्द्यावरचा बरोबर आक्षेप परीक्षक लगेच पकडतात.

खरी अडचण: मंद उजेड

मंद उजेडासाठी हे बोर्ड आठही चिप एकदम चालू-बंद करतं (पीडब्ल्यूएम). सरासरी ३५० मिलीअँपिअर हवेत तर एलईडी आठव्या भागाइतका वेळ पूर्ण २.८ अँपिअरवर जळतो. सेलमधून जाणारी सरासरी तेवढीच. २६०० मिलीअँपिअर-तासांचा सेल दोन्ही प्रकारे सुमारे ७.४ तास पुरेल. उजेड मात्र सारखा नाही, कारण करंट वाढला की एलईडीची कार्यक्षमता घटते.

किती घटते? क्रीच्या एक्सएम-एल एलईडीचे जाहीर आकडे घेऊ: ३ अँपिअरला वॅटमागे १०० ल्युमेन, ३५० मिलीअँपिअरला वॅटमागे १६०. लगेच मोह होतो की लिहावं, 'सलग करंट दिला तर ६० टक्के जास्त उजेड'. थांबा. भागिले कशाने?

लिनिअर ड्रायव्हरमध्ये जादाचा व्होल्टेज तसाही जळतो. सेलमधून मोजून जातो तो करंट, म्हणून छेदात वॅट नको, अँपिअर हवा. ३ अँपिअरला एलईडीवर साधारण ३.३ व्होल्ट, म्हणजे १० वॅट, १००० ल्युमेन. अँपिअरमागे सुमारे ३३३. तर ३५० मिलीअँपिअरला साधारण २.८ व्होल्ट, म्हणजे जवळपास १ वॅट, १५७ ल्युमेन. अँपिअरमागे सुमारे ४५०. त्याच सेलमधून, तेवढ्याच तासांसाठी एकीकडे सुमारे ११७ ल्युमेन, दुसरीकडे १५७. फरक साधारण एक तृतीयांशाचा. ६० टक्क्यांचा दावा खोटा, पण फरक खरा आणि शेतात जाणवेल एवढा. पेपर वाचताना प्रत्येक 'कार्यक्षमते'खाली छेद कोणता आहे ते बघायची सवय लावा.

हौशी लोकांनी हे ओळखलं आणि स्वतःची बोर्डं काढली, ज्यात एक ७१३५ चिप वेगळ्या वाटेवर आणि बाकी उजेड मॉसफेटमधून. मंद उजेडाचा प्रश्न बराच सुटला. पण मॉसफेटची वाट म्हणजे सेल थेट एलईडीला जोडणं. तिथे करंट ठरवतो कोण? सेलचा अंतर्गत रोध, वायर, शेपटाकडची स्प्रिंग. ५० मिलीओहमची स्प्रिंग ३ अँपिअरला ०.१५ व्होल्ट खाते, तर बोर्डावरचा १ मिलीमीटर रुंद, १ सेंटिमीटर लांब तांब्याचा पट्टा जेमतेम ०.०१५. म्हणून 'या बोर्डाने एवढे ल्युमेन दिले' हे वाक्यच अपुरं आहे. सेल आणि स्प्रिंग बदलली की निकाल बदलतो. संशोधनाच्या भाषेत, नियंत्रित चल सुटला.

ऑर्डरचा फॉर्म म्हणजेच 'पद्धती'

आपल्याकडच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'पीसीबी बनवून घेतली.' झालं. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. काईकॅडमधून गर्बर आणि ड्रिल फाइल काढून आज जळगावहून बोर्ड कुठेही पाठवता येतं: गांधीनगर, बंगळूरू, शेनझेन. फॉर्मवर जाडी, तांब्याचं वजन, फिनिश असे रकाने येतात. बरेच जण डिफॉल्ट ठेवून पैसे भरतात. पण तेच रकाने प्रयोग ठरवतात.

हिशोब करा. एफआर-४ उष्णता फार कमी वाहून नेतं, तांब्याच्या हजारपट कमी. चिपखालच्या ५ बाय ५ मिलीमीटर जागेतून १.६ मिलीमीटर जाडीच्या बोर्डातून सरळ आरपार जायचं तर रोध सुमारे २१० अंश प्रति वॅट. तिथेच ०.३ मिलीमीटरचं, २५ मायक्रॉन तांब्याचा मुलामा असलेलं एक छिद्र, म्हणजे व्हाया, एकट्याने सुमारे १९० देतं. एक बारीक छिद्र सगळ्या चौकोनाएवढं काम करतं! दहा छिद्रं पाडली तर १९. जाडी ०.८ केली तर हेही निम्मं. मग ज्या रिपोर्टमध्ये जाडी, तांबं आणि व्हायांची संख्या नाही, त्यातला तापमानाचा आलेख दुसऱ्याने पडताळायचा कसा?

आणि आमचे ४५ अंश

इथल्या रिपोर्टमध्ये एक ओळ अशीही असते: 'खान्देशातल्या ४५ अंश तापमानासाठी डिझाइन'. ऐकायला छान. पण टॉर्च लागतो कधी? रात्री. आणि रब्बीचं पाणी भरतात डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा धुळ्यात पारा १० अंशांखाली जातो. ४५ अंशांची चाचणी साठवणुकीसाठी करा, गाडीच्या डिकीत दुपारभर पडलेल्या सेलसाठी करा. वापराची चाचणी मात्र थंडीतल्या रात्रीची हवी. स्थानिक संदर्भ म्हणजे गावाचं नाव प्रस्तावनेत घालणं नव्हे, वस्तू तिथे कशी वापरली जाते त्यावरून चाचणी ठरवणं.

याबाबतीत आयआयटी मुंबईचा 'सोल' प्रकल्प बघण्यासारखा आहे. २०१४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत शाळकरी मुलांना सौर दिवे मिळाले, आणि ते जोडायला, विकायला, दुरुस्त करायला गावातल्याच लोकांना शिकवलं. तिथे 'दिवा बिघडला तर कोण उघडणार?' हा प्रश्न डिझाइनचाच भाग होता. हौशी बोर्डांत फाइल सगळ्यांना खुली असते, पण १७ मिलीमीटरमध्ये तांदळाएवढे भाग बसवताना हा प्रश्न मागे पडतो. गोलाणी मार्केटमधला मोबाइल दुरुस्त करणारा ते बोर्ड उघडू शकेल का? नसेल तर तो उघडेपणा कुणासाठी?

पेटच्या मुलाखतीत 'रिसर्च गॅप काय?' असं विचारतात तेव्हा उत्तर बहुतेक 'यावर काम झालेलं नाही' असं येतं. या बोर्डावर भरपूर काम झालंय. गॅप वेगळीच आहे: सगळी मोजमापं जास्तीत जास्त उजेडाची, रात्रभर पुरणाऱ्या उजेडाची फार थोडी. तुमच्या हातात कुठलंही बोर्ड असो, आधी तीन गोष्टी वहीत लिहा: छेद कोणता, कोणता चल मोकळा सुटलाय, आणि चाचणी कुणाच्या वापराची. मग ऑर्डर द्या.